मतापा मागवा, जिराफाकडे बघू नका

वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाताना मोचेमाड मागे पडलं की उजव्या अंगाला एका घराच्या गडग्यावर पुरुषभर उंचीचा जिराफ रंगवलेला दिसतो. मागे मावळता सूर्य, बाजूला एक चपट्या माथ्याचं झाड, वर लाल अक्षरांत 'आफ्रिकन जेवण मिळेल'. एवढं बघून निम्मे लोक गाडी न थांबवता पुढे जातात, असं मालक स्वतःच हसत सांगतो. तुम्ही जाऊ नका. आत मिळतं ते मापुतोचं जेवण आहे, मोझांबिकच्या राजधानीतलं, अगदी रोजचं, आणि तीन-चार पदार्थांत तर बिनचूक.

मी हे कशाच्या जोरावर म्हणते ते आधी सांगून टाकते. नवरा काजूच्या व्यापारात. कच्ची बी खरेदी करणाऱ्या कंपनीनं त्याला तिकडे धाडलं, तेव्हा 2010 च्या आगेमागे काही वर्षं आमचा संसार मापुतोत होता. हंगाम लागला की तो उत्तरेला नांपुलाकडे बी बघत हिंडायचा आणि मी मुलाला घेऊन कार्ल मार्क्सवर. म्हणजे कार्ल मार्क्स नावाच्या हमरस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. भाजीसाठी हो ची मिन्हच्या नाक्यापर्यंत जायचं, बँकेचं काम निघालं तर लेनिनवर. वेंगुर्ल्याला परत आल्यावर सासूबाईंना हे पत्ते सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळे साहेब एकाच गावात कसे गो?"

तर जिराफ. मापुतोत राहून मी जिराफ एकदाही पाहिला नाही. ते खाडीच्या तोंडावर वसलेलं शहर आहे, गच्च्या-बाल्कन्यांच्या इमारतींचं, कडेला कॉफी पीत बसलेल्या माणसांचं, फुटपाथवर जुन्या पुस्तकांपासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत सगळं मांडून बसलेल्या विक्रेत्यांचं. पोर्तुगिजांच्या काळात नाव लोरेन्सो मार्किश. 1898 ला राजधानी झालं, 1975 च्या जूनमध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1976 च्या फेब्रुवारीत शहराचं नाव मापुतो. चित्रच काढायचं तर रेल्वे स्टेशन काढायचं की! फिकट हिरवं-पांढरं, माथ्यावर मोठा घुमट, शंभर वर्षांपेक्षा जुनं. आयफेलनं बांधलं म्हणून तिथला प्रत्येक टॅक्सीवाला छातीठोकपणे सांगतो आणि ते खरं नाही, पण गोष्ट सांगण्यात तेसुद्धा आपल्या रिक्षावाल्यांच्या तोडीचे.

इथे हॉटेलात आतल्या भिंतींवर आणखी मुखवटे आहेत, एक ढाल आहे, आणि शनिवारी रात्री स्पीकरवर ढोल लावतात. त्या ढोलाचा मापुतोशी काडीचा संबंध नाही. तिथल्या वस्त्यांत वाजतं ते माराबेंता, गिटारवरचं, कमरेतून नाचायला लावणारं. पूर्वी तेलाच्या डब्याला तारा ठोकून गिटारी करत आणि त्यावर हे वाजवत. फानी म्फुमो, दिलॉन जिंजी ही नावं मी मालकाला सुनावली. त्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. मग ढोल का, विचारलं तर म्हणतो, "वैनी, पर्यटकांक आफ्रिका म्हटल्यार ढोलच व्हयो." असेल बाबा. पण मंगळवारी-बुधवारी, गर्दी नसताना गेलात तर स्वयंपाकघरातून त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर माराबेंता ऐकू येतं. तेव्हा जा.

मालक रेडीकडचा. ऐन उमेदीची वर्षं त्यानं मापुतोतल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली. मालकीणबाई शिरोड्याच्या, त्या कधीच तिकडे गेलेल्या नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण इथला सगळ्यात चांगला पदार्थ त्यांच्या हातचा आहे.

बसायला मागच्या अंगणात टेबलं, वर माडाच्या झापांचा मांडव. टेबलांवर कापुलाना अंथरलेत, हे मात्र शंभर टक्के बरोबर. कापुलाना म्हणजे तिकडच्या बायकांचं छापील सुती कापड, साधारण दोन वार लांब. कमरेला गुंडाळतात, त्यातच मूल पाठीशी बांधतात, डोक्यावर ओझं घ्यायचं तर चुंबळ करतात, बाळंतिणीला देतात, मयताच्या घरी जाताना नेसतात. 7 एप्रिल हा तिथला महिलादिन, तिथल्या स्वातंत्र्यलढ्यातली जोझिना माशेल गेली तो दिवस. त्या दिवशी ऑफिसांतल्या सगळ्या बायका एकाच छापाचा कापुलाना शिवून येतात आणि रस्ते भरून जातात. बाजारपेठेत ही दुकानं कित्येक वर्षं आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची, जास्त करून गुजराती मंडळींची. गल्ल्यावरचे शेठ आमच्याशी हिंदीत आणि गिऱ्हाइकांशी शांगाना या तिथल्या भाषेत बोलायचे, एकाच दमात. माझ्याकडे कापुलानांची ट्रंकभर रास होती, तिची आता गोधडी झाली आहे. इथल्या टेबलांवर मात्र वरून जाड प्लॅस्टिक घातलंय. सांडलवंडीसाठी असेल, पण कोपरं चिकटतात.

सुरुवात भजी-पावानं करा. मापुतोत सकाळी शापाच्या थांब्यावर, शापा म्हणजे तिकडची खच्चून भरलेली मिनीबस, बायका अ‍ॅल्युमिनियमच्या घमेल्यात भजी घेऊन बसलेल्या असतात. बाजिया. चवळी भिजवून, साल काढून, लसूण-मीठ घालून वाटायची आणि तळायची, बस. बेसन नाही, ओवा नाही. पाव उभा चिरायचा, त्यात चार-पाच भजी दाबायची, कागदात गुंडाळून हातात. कामाला जाणारं अर्धं शहर त्यावर दुपारपर्यंत निभावतं. भजी कुठून तिथं पोचली हे मराठी माणसाला सांगायला नको.

इथली भजी बाहेरून कुरकुरीत आणि आतून हलकी आहेत, म्हणजे डाळ हातानं फेसली आहे. पाव त्याहून सरस. तिथला पाव पोर्तुगीज वळणाचा, कडक सालीचा, आपला मऊ लादीपाव त्यापुढे चालत नाही. मालक सीमेपलीकडून, गोव्यातल्या पोदेराकडचे म्हणजे पाववाल्याकडचे उंडे आणवतो. अगदी तेच नव्हे, पण दाताला तोच जोर लागतो. पावाचं तिथं काय मोल आहे तेही सांगते. 2010 च्या सप्टेंबरात पावाचे भाव वाढले आणि मापुतो पेटलं. रस्त्यावर टायर जळत होते, शापा बंद, गोळीबार झाला, माणसं मेली. आम्ही दारं-खिडक्या लावून घरात. शेवटी सरकारनं पावाची दरवाढ मागे घेतली. त्यानंतर बेकरीसमोरच्या रांगेत उभं राहताना मी कधी तक्रार केली नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. भजी-पाव ही सकाळची गोष्ट, आणि हे लोक उघडतात संध्याकाळी पाचला. शिरोड्याच्या एसटीसाठी सकाळी तिठ्यावर एवढी माणसं उभी असतात, त्यांच्यासमोर घमेलं घेऊन बसा. बघता बघता संपेल. हे मी मालकाला सांगितलंय. तो मालकीणबाईंकडे बघतो, त्या दुसरीकडे बघतात.

आता मतापा. पाटीवर सगळ्यात शेवटी, बारक्या अक्षरांत लिहिलेला. कसाव्याची कोवळी पानं, कच्च्या शेंगदाण्याचं पीठ, नारळाचा रस, आणि कुर्ल्या किंवा कोळंबी. दिसायला? खरं सांगते, दिसायला काही नाही. गडद हिरवा लगदा. म्हणूनच कोणी मागवत नाही. "ह्यां कोण मागणा नाय वैनी, पानां कुटूक माझो जीव जाता," मालकीणबाई म्हणाल्या, आणि तरीही रोज थोडा करतात.

कसाव्याचं पान कच्चं विषारी असतं. त्यातल्या द्रव्यापासून सायनाइड तयार होतं. पान कुटलं की ते मोकळं होतं आणि उघड्या भांड्यात उकळलं की वाफेबरोबर निघून जातं. त्यामुळे मतापाला घाई चालत नाही. आपल्याकडे रानातलं तेरं आमसुलं घालून शिजवल्याशिवाय कोण खातं? तसंच हे, माहीतगाराच्या हातचंच खावं. मापुतोच्या बाजारात कुटून तयार पाला पिशव्यांत मिळतो, मीही तोच आणायचे, उगाच फुशारकी कशाला. इथे मात्र परसात कसाव्याची आठ-दहा झाडं आहेत. काड्या दोडामार्गकडच्या रबरवाल्या मल्याळी शेतकऱ्यांकडून आणल्या, त्यांच्याकडे कसावा म्हणजे रोजचं कंदमूळ. त्यांना पाल्याचं काही नव्हतं, यांना कंदाचं फारसं नाही, व्यवहार जमला.

मी मागच्या पडवीत जाऊन बघून आले. लाकडी वायन, मुसळ मालकीणबाईंच्या आजेसासूच्या वेळचं, मधे झिजून बारीक झालेलं. पानांचे देठ आणि शिरा काढलेल्या. आधी लसूण आणि थोडं मीठ, मग पानं मूठमूठ. पहिल्यांदा पानं नुसती उडतात, घाव बसत नाही. मग ओलसर होतात, मुसळाला चिकटायला लागतात आणि वास बदलतो, गवताचा वास जाऊन हिरव्या चहासारखा काहीतरी येतो. तेव्हा त्या चिमूट उचलून बोटांत चोळून बघतात. शीर लागली की परत घाव. हे त्या कोणाकडून शिकल्या? नवरा तिकडे ज्या बाईंच्या घरात भाड्यानं राहायचा त्यांच्याकडून, व्हिडिओ कॉलवर. मापुतो आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. इथे दुपारची झाकपाक झाली की तिथे सकाळ असायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. त्यांनी मोबाइल वायनाला टेकवून ठेवायचा, तिकडच्या बाईंनीही तसाच, आणि दोघी कुटायच्या. चुकलं की तिकडून जोरात ओरडा यायचा. कोणत्या भाषेत ओरडल्या तरी चुकलं हे कळतंच.

कुटलेला पाला आधी पाण्यात चांगला उकळतात. मग शेंगदाण्याचं पीठ आणि पातळ रस. इथंच सगळे घसरतात. आपल्या हाताला भाजलेल्या दाण्याच्या कुटाची सवय, आणि तो घातला की मतापाची आमटी होते. शेंगदाणे कच्चेच हवेत, कुटून चाळलेले, आणि मग रटरट शिजवून त्यांचा कच्चट वास घालवायचा. मालकीणबाई तसंच करतात. खालून ढवळत राहावं लागतं, नाहीतर लागतं. तेल कडेला सुटायला लागलं की दाट रस आणि कुर्ल्या. हळद नाही, गरम मसाला नाही, तिरफळ नाही. पहिल्या घासाला मालवणी जिभेला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. दुसऱ्या घासाला नारळ आणि दाणा एकमेकांत विरघळलेले लागतात. त्यानंतर मी बोलणं बंद करते. मापुतोत माझ्या शेजारीण डोना अमुक, डोना तमुक अशा बऱ्याच होत्या, प्रत्येकीकडे लग्नाला, बारशाला मतापा खाल्ला. त्या पंगतीत हा वाडगा ठेवला असता तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं. याहून मोठी शाबासकी मला माहीत नाही.

मतापाबरोबर भात घ्या, उकड्या तांदळाचा. शिमा घेऊ नका. शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, हातानं मुटका करून कालवणात बुडवून खायचा. तिथे तो पांढऱ्या मक्याचा, मऊ, बिनवासाचा. इथे मिळतो पिवळ्या मक्याचा, कारण बाजारात तोच पटकन मिळतो. तिथल्या वयस्क माणसांपुढे पिवळा शिमा ठेवलात तर चेहरे उतरतील. 1977 ते 1992 यादवी युद्ध चाललं, त्यात उपासमारीच्या काळात परदेशी मदतीचा मका यायचा, तो पिवळा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पिवळ्या मक्याचं नाव काढलं तरी हात झटकायच्या. मालकाला हे चांगलं ठाऊक आहे, तरी पाटीवर शिमा आहेच. पांढरा मका मिळेपर्यंत पाटीवरून पुसा, एवढंच म्हणेन.

कोंबडी चांगली आहे, आणि लोक येतात ते तिच्यासाठीच. लहान, किलोच्या आतली कोंबडी पाठीतून चिरून सपाट करतात. लिंबू, लसूण, जाडं मीठ, तेल आणि इवल्याशा जहाल पिरी-पिरी मिरच्या. निखारा करवंट्यांच्या कोळशाचा, जाळी उंच, आणि घाई नाही. मालक हातात कुंचला घेऊन उभा असतो, दर थोड्या वेळानं तेल-मिरचीचा हात फिरवतो. कातडी डागाळते पण करपत नाही. बरोबर बटाट्याचे काप आणि कांदा-टोमॅटो. पिरी-पिरी म्हटल्यावर लोक मॉलमधल्या मसाला भुरभुरलेल्या चिप्स आठवतात, त्यांनी हे एकदा खावं. गोव्याकडून आलेली गिऱ्हाइकं हटकून विचारतात, हे कॅफ्रियालच ना? नव्हे. कॅफ्रियाल कोथिंबिरीचं, हिरवं. ते आफ्रिकेतूनच पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आलं असं सांगतात खरं, पण इतक्या वर्षांत त्यानं गोव्याचं पाणी प्यायलंय. पोरंबाळं असतील तर नारळाच्या रसात मुरवून भाजलेली झांबेझियाना मागवा, तिखट नाही.

कोळंबीवर मी नाराज आहे. मापुतोची कोळंबी एवढी नावाजलेली की दक्षिण आफ्रिकेतले लोक अजून तिला शहराच्या जुन्या नावानं, 'एलएम प्रॉन्स' म्हणून मागतात. तिचं कौतुक तिच्या साधेपणात. सालीसकट उभी चिरायची, मीठ-लसूण-लिंबू, निखाऱ्यावर. इथे वेंगुर्ल्याच्या बंदरावर तोडीस तोड माल पहाटे उतरतो, आणि हा गडी तो बटर, क्रीम आणि कसल्याशा पांढऱ्या सॉसमध्ये बुडवतो. पर्यटकांना आवडतं म्हणे. चारशे ऐंशी रुपये घेऊन कोळंबी लपवायची, हे काय बरोबर नव्हे.

त्यापेक्षा एक सुचवते, मालक वाचत असेल तर. मापुतोच्या मासळी बाजारात, मी जुन्या बाजाराबद्दल बोलतेय, आता किनाऱ्याच्या रस्त्यावर नवा मोठा बांधलाय, आधी तुम्ही स्वतः घासाघीस करून मासळी घ्यायची. कोळंबी, शिंपल्या, रावसासारखे मोठे मासे, जे हवं ते. मग ती पिशवी मागच्या टपऱ्यांपैकी एकीत द्यायची. त्या भाजून देतात, किलोमागे मजुरी घेतात, भात-बटाटे त्यांचे. रविवारी अख्खी खानदानं तिथे बसलेली, मुलं वाळूत, म्हाताऱ्या सावलीत, चार-चार तास कोणी उठत नाही. आपल्याकडे बंदरावरून मासे घेऊन येणाऱ्याला भाजून देणारा माणूस कुठे आहे? निखारा तुमचा तयारच असतो. मजुरी घ्या. माझा इसवण मी आणते.

चखण्याला काजू ठेवतात, निखाऱ्यावर परतलेले, मिरची-मीठ लावलेले. मापुतोत सिग्नलला पोरं हेच पिशव्यांत घेऊन गाडीच्या काचेशी येतात. मी मालकाला विचारलं, बी कुठची? तो म्हणाला, कारखान्यातून घेतो, देवाक ठावक. बरोबरच आहे. आपल्या कारखान्यांना गावठी बी आणि वेंगुर्ला चार-सात या सुधारित जातींची बी सगळी मिळूनही वर्षभर पुरत नाही, आफ्रिकेतून बी येतेच. यातली दुसरी बाजू नवऱ्याच्या धंद्यामुळे मला जवळून दिसली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातल्या सगळ्यात मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होतं, स्वतःचे कारखाने होते. मग युद्धात बागा गेल्या. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेनं कर्जाच्या अटीत कच्च्या बीवरचं निर्यात शुल्क उतरवायला लावलं. बी जहाजांतून इकडे भारतात यायला लागली, तिकडचे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायका पुष्कळ. इकडे आमच्या शेजारच्या बायका तीच बी फोडून चिकानं हात काळे करत संसार चालवत होत्या. नवरा याला धंदा म्हणतो. मीही त्याच धंद्याच्या पगारावर घर केलं, तेव्हा जास्त बोलत नाही. काजू मात्र दुसरी वाटी मागवली.

बिअर मिळत नाही, लायसन्स नाही. मालकाला याची खंत आहे, आणि ती तो बिअरची गोष्ट सांगून भागवतो. तिथली सगळ्यात खपाची बिअर टू-एम, बोलतात 'दोइश एम'. हे दोन एम म्हणजे माकमाओं, फ्रान्सचे अध्यक्ष. मापुतोचा उपसागर पोर्तुगालचा की इंग्रजांचा हे भांडण त्यांच्याकडे निवाड्याला गेलं आणि 24 जुलै 1875 ला त्यांनी तो पोर्तुगालला दिला. पोर्तुगीज इतके खूश की रस्त्याला ती तारीख दिली आणि पुढे बिअरला त्या माणसाचं नाव. स्वातंत्र्यानंतर शहरातले पोर्तुगीज पुतळे गेले, नावं गेली, पण 24 जुलै राहिला, कारण 1975 साली नेमक्या त्याच तारखेला नव्या सरकारनं शाळा, दवाखाने, जमिनी सरकारजमा केल्या. आमच्या मुलाची शाळा त्याच रस्त्यावर होती. मालक ही गोष्ट दर टेबलावर सांगतो, आणि हातात कोकम सरबताचा ग्लास देतो. सरबत बरं आहे, साखर जास्त.

गोडात पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा पोर्तुगीज टार्ट आहे, बाहेरून आणलेला, थंडगार फ्रिजमधला. सोडून द्या. कॉफी इन्स्टंट.

सेवेबद्दल. वेळ लागतो. कोंबडीला पाऊण तास धरून चाला, शनिवारी दीड. वाढणारा मुलगा बारावीतला, चुणचुणीत, पण तिखट किती विचारायला विसरतो, तेव्हा तुम्हीच सांगा. पुण्याची एक मंडळी शेजारच्या टेबलावर घड्याळ दाखवून वैतागत होती. मला गंमत वाटली, कारण मापुतोत तासभर थांबल्याशिवाय कोंबडी कधी आलीच नव्हती. अर्थात ही काही सबब नव्हे. निदान भजी लवकर द्यायला काय हरकत आहे? बसायला पंखे कमी, मे महिन्यात घाम निथळतो, आणि संध्याकाळी डास पायाला फोडून काढतात. संडास स्वच्छ आहे, हे मुद्दाम लिहिते.

दर असे: भजी-पाव साठ, मतापा कुर्ल्यांचा दोनशे चाळीस आणि कोळंबीचा दोनशे वीस, अर्धी कोंबडी तीनशे वीस. कोंबडीच्या मानानं मतापा स्वस्त आहे, आणि त्यात गेलेल्या मेहनतीच्या मानानं तर फुकट. मी मालकीणबाईंना सांगितलं, तीनशे लावा. त्या म्हणाल्या, "आधीच कोण खाणा नाय, वैनी." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

सोमवारी बंद. पावसाळ्यात आषाढापर्यंत चालू, मग गणपतीनंतर. कसाव्याला कोवळी पानं पावसात भरपूर येतात, तेव्हा जून महिना सगळ्यात चांगला, फक्त मांडव गळतो, पडवीतलं टेबल मागून घ्या. मतापासाठी आदल्या दिवशी फोन करा, चार ताटं तरी सांगा, म्हणजे कुटणाऱ्या हाताला वायनाशी बसायचं सार्थक वाटेल. मोबाइलवर पैसे जातात, पण रेंज अंगणात नाही, गडग्यापाशी जिराफाच्या पायाजवळ उभं राहिलं की येते.